वजन जास्त आहे आणि मूत्राशय काढायचं आहे, तर आधी वजन उतरवावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय 66, उंची 168 सेंटिमीटर, वजन 94 किलो. तीन महिन्यांपूर्वी ते 101 किलो होतं. मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूच्या थरात उतरला आहे. आधी केमोथेरपी आणि नंतर मूत्राशय काढायचं, असं ठरलंय. नात्यातल्या एकांनी सांगितलं की एवढ्या वजनावर ऑपरेशन झेपणार नाही, आधी 15 किलो कमी करा. म्हणून वडिलांनी रात्रीचं जेवण बंद केलंय आणि 7 किलो उतरल्याचा घरात सगळ्यांना आनंद आहे. वजनामुळे ऑपरेशनच्या निकालात खरंच किती फरक पडतो आणि वजन कमी होईपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलावं का?

बाकीचं नंतर, पण एक काम आजच करा. वडिलांचं रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करा. आणि त्या 7 किलोंपैकी किती किलो जेवण सोडण्याच्या आधीच गेले होते, हे सगळ्यांनी मिळून आठवून लिहून ठेवा. 101 वरून 94 म्हणजे तीन महिन्यांत जवळजवळ 7 टक्के घट. कॅन्सरच्या रुग्णाचं वजन सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून जास्त आपोआप उतरलं, तर मूळ वजन कितीही असलं तरी आम्ही ते कुपोषणाचं लक्षण धरतो. तुम्ही ज्याला चांगली बातमी समजताय, ती ऑपरेशन करणाऱ्या टीमला लवकरात लवकर कळायला हवी.

मी अनेक वर्षं हे ऑपरेशन करतोय. स्थूल माणसाचं मूत्राशय काढणं अवघड असतं, वेळ जास्त लागतो, जखमेचा त्रास जास्त होतो, हे सगळं खरं आहे. पण त्यातल्या बऱ्याच अडचणींची तयारी आधी करता येते. आजारात ज्याचं वजन झपाट्याने उतरलंय आणि हातापायांतली ताकद गेलीय, अशा रुग्णाच्या ऑपरेशननंतरच्या दोन-तीन आठवड्यांची मला कितीतरी जास्त धास्ती असते. वडिलांच्या बाबतीत हे दोन्ही एकाच वेळी असू शकतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

ऑपरेशन काय आहे ते आधी पाहू, कारण वजन नेमकं कुठे आडवं येतं हे त्याशिवाय कळणार नाही. रॅडिकल सिस्टेक्टॉमीत, म्हणजे मूत्राशय काढण्याच्या या ऑपरेशनमध्ये, पुरुषांमध्ये मूत्राशयाबरोबर प्रोस्टेट आणि वीर्यकोश काढतात. स्त्रियांमध्ये बऱ्याचदा गर्भाशय, अंडाशय आणि योनीच्या पुढच्या भिंतीचा काही भाग काढावा लागतो. ओटीपोटातल्या लसिका ग्रंथी दोन्ही बाजूंनी साफ कराव्या लागतात. त्यानंतर लघवीला नवी वाट करून द्यायची असते आणि त्यासाठी लहान आतड्याचा तुकडा वापरतात. सर्वांत जास्त केली जाणारी पद्धत म्हणजे इलियल कॉन्ड्युइट. यात साधारण 15 सेंटिमीटर आतडं वेगळं काढून त्याच्या एका टोकाला किडनीतून लघवी आणणाऱ्या दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि दुसरं टोक पोटावर बाहेर आणतात. हे बाहेर आलेलं तोंड म्हणजे स्टोमा. त्यावर पिशवी लावायची. दुसरी पद्धत निओब्लॅडरची. त्यात 50 सेंटिमीटरच्या आसपास आतड्याची पिशवी शिवून ती खाली मूत्रमार्गाला जोडतात, म्हणजे माणूस नेहमीच्या वाटेने लघवी करतो.

हे सगळं एकाच बैठकीत होतं. म्हणून वजन अगदी योग्य असलेल्या माणसातही गुंतागुंत कमी नसते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या नामवंत केंद्राने 2009 मध्ये त्यांच्या 1142 रुग्णांचा हिशेब मांडला. पहिल्या 90 दिवसांत 64 टक्के रुग्णांना काही ना काही त्रास झाला होता. त्यातला बराचसा औषधांनी आटोक्यात येणारा होता. गंभीर म्हणावा असा त्रास एकूण रुग्णांपैकी 13 टक्क्यांना झाला. सर्वांत जास्त तक्रारी आतड्याच्या, त्याखालोखाल जंतुसंसर्गाच्या, मग जखमेच्या. वजन या तिन्हींमध्ये भर घालतं, फक्त कमी वजन आणि जास्त वजन यांचे रस्ते वेगळे आहेत.

वडिलांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, आज 33 आहे. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, इतकाच तो हिशेब. 30 च्या वर लठ्ठपणा, 18.5 च्या खाली वजन कमी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची विभागणी आहे. आशियाई वंशाच्या लोकांसाठी त्याच संघटनेच्या तज्ज्ञगटाने 2004 मध्ये 23 आणि 27.5 हे आकडे सावधगिरीसाठी सुचवले, कारण त्यांच्यात कमी बीएमआयवरही मधुमेह आणि हृदयविकार दिसतात. पण या आकड्याला चरबी कुठे आहे आणि स्नायू किती आहेत, हे कळत नाही. पायांवर आणि पोटात पाणी साठलं असेल तर तेही वजनातच मोजलं जातं. ऑपरेशनच्या निर्णयासाठी मी बीएमआयवर फार थोडा वेळ घालवतो आणि सीटी स्कॅनवर बराच. तो का, ते पुढे येईल.

आता जास्त वजनाने ऑपरेशनमध्ये काय होतं ते सांगतो. मूत्राशय ओटीपोटाच्या तळाशी असतं. पुरुषांचा कटिभाग मुळातच अरुंद, त्यात चहूबाजूंनी चरबी असली की खोल विहिरीच्या तळाशी हात घालून काम केल्यासारखं होतं. प्रोस्टेटच्या पुढच्या बाजूच्या शिरांचं जाळं नीट दिसत नाही आणि रक्तस्राव बहुतेक तिथूनच होतो. ग्रंथी चरबीत लपलेल्या असतात, त्या वेचून काढायला चिकाटी लागते. म्हणून वेळ वाढतो, रक्त जास्त जातं. अनुभवी हातांमध्ये एवढ्यावर निभावतं. वर्षातून एखाद-दुसरी सिस्टेक्टॉमी होणाऱ्या ठिकाणी मात्र हाच फरक मोठा ठरतो. स्थूल रुग्णाने अशी ऑपरेशन्स नियमित होणारं केंद्र निवडावं, असं मी आग्रहाने सांगतो.

मूत्राशय निघालं की स्थूल रुग्णातला खरा कसोटीचा भाग सुरू होतो आणि त्याबद्दल घरच्यांना कुणी फारसं सांगत नाही. आतड्याला रक्त पुरवणारा एक पडदा असतो, त्याला मेसेंटरी म्हणतात. पोटात चरबी जास्त असली की हा पडदा जाड आणि आखूड होतो. आतड्याचं टोक पोटाच्या भिंतीतून बाहेर काढायचं, तर या पडद्यालाही तेवढं लांब यावं लागतं. ओढून आणलं तर रक्तपुरवठा तुटतो आणि टोक काळं पडतं. शिवाय भिंतच जाड, कधी बोटाच्या लांबीएवढी. स्टोमा त्वचेच्या वर दोन-तीन सेंटिमीटर नळासारखा उभा राहायला हवा, म्हणजे लघवी थेट पिशवीत पडते. तो त्वचेच्या पातळीला बसला किंवा आत ओढला गेला, तर लघवी पिशवीच्या चिकट भागाखाली झिरपते. त्वचा सोलवटते, पिशवी चिकटत नाही, रात्री अंथरूण ओलं होतं. वरवर ही छोटी तक्रार वाटेल. पण यामुळे घराबाहेर पडणं सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

यावरचे उपाय आधी ठरवायचे असतात. पहिला उपाय जागेचा. स्टोमाची जागा ऑपरेशन टेबलवर ठरवू नये. आदल्या दिवशी किंवा त्याही आधी रुग्णाला झोपवून, बसवून, उभं करून आणि पुढे वाकवून पोटाच्या घड्या कुठे पडतात ते बघतात आणि मार्करने खूण करतात. बसल्यावर स्वतःच्या डोळ्यांना ती खूण दिसली पाहिजे. ज्यांचं पोट पुढे आलंय त्यांना बेंबीच्या खालचं काहीच दिसत नाही. त्यांच्यासाठी स्टोमा बेंबीच्या वरच्या बाजूला घेतात. तिथली भिंतही तुलनेने पातळ असते. दुसरा उपाय बांधणीचा. आतड्याचं टोक बाहेर येत नसेल तर त्याऐवजी आतड्याचा वळसा बाहेर काढून त्याचा स्टोमा करता येतो, त्यामुळे मेसेंटरीवर ताण कमी येतो. कॉन्ड्युइटसाठी आतडंही थोडं लांब घ्यावं लागतं. वडिलांच्या सर्जनला ‘खूण कोण करणार आणि कधी?’ हे नक्की विचारा. स्टोमा नर्स असेल तर तिची आधी एक भेट होऊ द्या, रिकामी पिशवी खुणेच्या जागी लावून एक दिवस घरात वावरून बघू द्या.

पुढे स्टोमाच्या शेजारी हर्निया होण्याचा धोकाही वजनाबरोबर वाढतो. ऑपरेशनच्या मधल्या चिरेतूनही हर्निया येऊ शकतो. चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे जखमेत पाणी साठणं, पू होणं, टाके उसवणं हे प्रकार स्थूल रुग्णांत स्पष्टपणे जास्त दिसतात. मूत्रवाहिनी जिथे आतड्याला जोडतात तो सांधा काही महिन्यांनी आकसू शकतो, आणि बीएमआय जास्त असलेल्यांत हे प्रमाण अधिक असल्याचं बऱ्याच अभ्यासांत आलंय. हा सांधा दुखत नाही, किडनी आतून गुपचूप फुगत जाते. म्हणून बरं वाटत असलं तरी ठरलेली सोनोग्राफी किंवा सीटी चुकवू नये.

मग स्थूल रुग्णाला निओब्लॅडर होत नाही का? होतो. नुसतं वजन हे नकाराचं कारण नाही. आतड्याची पिशवी मूत्रमार्गापर्यंत ताण न येता पोहोचते का, हे पोट उघडल्यावरच कळतं. त्यामुळे निओब्लॅडर ठरला असला तरी स्टोमाची खूण करूनच टेबलवर जायचं. माझं मत असं की किडन्या चांगल्या असतील, मूत्रमार्गाच्या कडेला कॅन्सर नसेल आणि गरज पडल्यास स्वतः नळी घालून लघवी काढायची तयारी असेल, तर स्थूल माणसासाठी निओब्लॅडरचा विचार मुद्दाम करावा. पोटाच्या घडीत पिशवी सांभाळण्याचा आयुष्यभराचा त्रास त्याने वाचू शकतो. रात्रीची गळती काही जणांना राहते, ते आधीच सांगितलेलं बरं.

भुलीबद्दल थोडक्यात. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, दिवसा डुलक्या येणं यांतलं काही असेल तर भूलतज्ज्ञांना सांगा. स्लीप एपनिया असेल तर ऑपरेशननंतरच्या वेदनाशामकांची निवडच बदलते. त्वचेला चीर देण्याआधीच्या एका तासात दिलं जाणारं प्रतिजैविक वजनानुसार ठरतं. सेफॅझोलिन वापरत असतील तर साधारणपणे 2 ग्रॅम आणि 120 किलो किंवा जास्त वजनाला 3 ग्रॅम.

पायांच्या शिरांत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं, हा या ऑपरेशननंतरचा मोठा धोका. कॅन्सर, ओटीपोटाचं ऑपरेशन आणि स्थूलपणा ही तिन्ही कारणं एकत्र आली की तो आणखी वाढतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारं हेपरिनच्या गटातलं इंजेक्शन दवाखान्यातून घरी गेल्यावरही चालू ठेवतात, एकूण साधारण चार आठवडे. वजन फार जास्त असेल तर डोस वाढवावा लागतो, फार कमी असेल तर कमी करावा लागतो. ‘आता चालायला लागले, इंजेक्शन कशाला?’ म्हणून घरच्या घरी ते बंद करू नका.

रोबोटच्या मदतीने छोट्या छिद्रांतून होणाऱ्या ऑपरेशनबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचारालच. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयरॉक चाचणीत रोबोटिक गटात जखमेच्या तक्रारी 5.6 टक्के होत्या, उघड्या ऑपरेशनच्या गटात 16 टक्के. गुठळीचं प्रमाण 1.9 विरुद्ध 8.3 टक्के. त्याआधी अमेरिकेतल्या रेझर चाचणीने 2018 मध्ये दाखवलं होतं की कॅन्सर न वाढता दोन वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखंच, 72 टक्क्यांच्या आसपास आहे. जखम हाच स्थूल रुग्णाचा कच्चा दुवा असल्याने छोट्या छिद्रांचा त्याला फायदा होतो, असं मला वाटतं. पण या पद्धतीत डोकं खाली आणि पाय वर अशा उतारावर कित्येक तास झोपवतात आणि पोटात वायू भरतात. पोटाचं वजन छातीवर येतं, श्वासाचा दाब चढतो. फुप्फुसं आधीच कमजोर असतील तर उघडं ऑपरेशन जास्त सुरक्षित ठरू शकतं. सर्जनचा हात ज्या पद्धतीत बसलाय ती पद्धत निवडलेली चांगली.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे येतो.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने 2011 मध्ये सिस्टेक्टॉमी झालेल्या 538 रुग्णांचा अभ्यास मांडला. ऑपरेशनआधी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन डेसिलिटरला 3.5 ग्रॅमपेक्षा कमी, बीएमआय 18.5 पेक्षा कमी, किंवा वजनात 5 टक्क्यांहून जास्त घट, यांपैकी एक जरी गोष्ट असली तर त्या रुग्णाला त्यांनी कुपोषित धरलं. अशा रुग्णांतले 16.5 टक्के पहिल्या 90 दिवसांत दगावले, बाकीच्यांतले 5.1 टक्के. तिपटीहून जास्त फरक. या व्याख्येत बसायला माणूस बारीकच असावा लागतो, असं नाही. 101 किलोंचा माणूस 94 वर आला तरी तो यात बसतो.

असं का होतं? आजारी शरीर चरबीआधी किंवा चरबीबरोबरच स्नायू मोडायला लागतं. कॅन्सरमुळे शरीरात जी दाहाची स्थिती असते ती भूक मारते आणि स्नायूंतली प्रथिनं झिजवते. त्यात जेवण कमी केलं तर ही झीज वेग घेते. काट्यावर 7 किलो गेलेले दिसतात, पण त्यात स्नायू किती हे काटा सांगत नाही. ऑपरेशननंतर जखम भरायला, खोकून कफ काढायला, पलंगावरून उठून चालायला स्नायूच लागतात. आतड्याच्या हालचाली सुरू व्हायला कधी चार-पाच दिवस जातात, तेवढ्या काळात शरीर ज्या साठ्यावर चालतं तोही स्नायूंतल्या प्रथिनांचा. साठाच नसेल तर आतड्याचा सांधा गळतो, न्यूमोनिया होतो, बेडसोअर होतात आणि एकातून दुसरं निघत जातं.

स्नायू मोजायला वेगळी तपासणी लागत नाही. वडिलांचा सीटी स्कॅन झालाच असेल. कमरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरच्या एका आडव्या छेदात पाठीचे, पोटाच्या भिंतीचे आणि मणक्याशेजारचे सोअस स्नायू दिसतात. त्यांचं क्षेत्रफळ मोजून उंचीच्या वर्गाने भागायचं. पुरुषांमध्ये प्रति चौरस मीटर 55 चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी आणि स्त्रियांमध्ये 39 पेक्षा कमी असेल तर स्नायू कमी आहेत, असा आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचा 2011 मधला निकष आहे. याला सार्कोपेनिया म्हणतात. सिस्टेक्टॉमीच्या रुग्णांत सार्कोपेनिया असेल तर कॅन्सरमुळे आणि इतर कारणांनीही मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलंय. आकडा काढला नाही तरी अनुभवी रेडिओलॉजिस्टला त्या एका चित्रावरून अंदाज येतो. बाहेर चरबीचा जाड करडा थर आणि आत स्नायूंची पातळ पट्टी, असं चित्र दिसलं की मी सावध होतो. कपड्यांत तो माणूस धष्टपुष्ट दिसतो. त्याला हाताचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठायला सांगा, लगेच कळतं.

वडिलांना आज घरी हे करून बघायला सांगा. साधी, हात नसलेली खुर्ची घ्या, त्यांनी हात छातीवर घडी घालून ठेवायचे. पाच वेळा उठून बसायला 15 सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा हाताचा आधार घ्यावा लागला, तर पुढच्या भेटीत ते सांगा.

स्नायूंचा प्रश्न केमोलाही भिडतो. मूत्राशय काढण्याआधी सिसप्लॅटिन हे औषध असलेली केमो दिल्याने पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण साधारण 5 टक्क्यांनी वाढतं, त्यामुळे ती शक्य असेल तर द्यायलाच हवी. त्यासाठी किडनीचं काम मिनिटाला 60 मिलिलिटरच्या आसपास किंवा वर असावं लागतं. हा आकडा बहुतेक ठिकाणी रक्तातल्या क्रिएटिनिनवरून आणि वजनावरून सूत्राने काढतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. स्नायू कमी झाले की ते कमी येतं आणि किडनी आहे त्याहून चांगली भासते. उलट बाजूने, सूत्रात 94 किलो जसेच्या तसे घातले तरी किडनी जास्त चांगली दिसते. स्थूल आणि स्नायू कमी असलेल्या रुग्णात या दोन्ही चुका एकाच दिशेला जातात. आकडा काठावर असेल तर सिस्टॅटिन सी ही रक्ततपासणी किंवा किडनीचा आयसोटोप स्कॅन करून खात्री करावी. डोसबद्दल उलटी चूक होते. वजन जास्त म्हणून केमोचा डोस घाबरून कमी केला जातो. अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीने 2012 पासून सांगितलंय की स्थूल रुग्णांनाही प्रत्यक्ष वजनानुसार पूर्ण डोस द्यावा.

केमोच्या तीन-चार महिन्यांत स्नायू आणखी उतरतात. मळमळ, तोंडाची चव जाणं, थकवा. म्हणजे वडील ऑपरेशनला जातील तेव्हाची तब्येत आजच्यापेक्षा आपोआप चांगली असेल, असं धरून चालू नका. पण हाच काळ तयारीसाठी सोन्यासारखा आहे.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वजन उतरवण्यासाठी ऑपरेशन पुढे ढकलू नका. कॅन्सर स्नायूत शिरल्याचं निदान झाल्यापासून, केमो द्यायची नसेल तर, 12 आठवड्यांच्या आत मूत्राशय काढावं. त्याहून उशीर झाला तर निकाल बिघडतात, हे सर्वमान्य आहे. केमो झाली असेल तर ती संपल्यावर शरीर सावरलं की काही आठवड्यांतच ऑपरेशन व्हायला हवं. 15 किलो चरबी निरोगी पद्धतीने उतरवायला वर्षभर लागतं, आणि या आजाराने तेवढा वेळ दिलेला नाही. घाईने उतरवले तर जाणाऱ्या किलोंत स्नायूंचा वाटा मोठा. भूक कमी करणारी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइडसारखी इंजेक्शनं मी या काळात नव्याने सुरू करू देत नाही. मधुमेहासाठी आधीपासून चालू असतील तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण त्यांच्यामुळे अन्न पोटात जास्त वेळ राहतं आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

अपवाद एकच, आणि तो उलट्या बाजूचा. बीएमआय 18.5 च्या खाली असेल, सहा महिन्यांत वजन 10 ते 15 टक्क्यांनी उतरलं असेल किंवा अल्ब्युमिन 3 पेक्षा कमी असेल, तर युरोपच्या पोषणतज्ज्ञांची एस्पेन ही संघटना सांगते की ऑपरेशन 7 ते 14 दिवस थांबवा आणि आधी पोषण द्या. कॅन्सरच्या ऑपरेशनसाठीही. अल्ब्युमिन हे नुसत्या आहारावर ठरत नाही, दाहामुळेही ते उतरतं. कारण कोणतंही असो, कमी अल्ब्युमिन धोक्याचीच खूण आहे.

तर या काळात करायचं काय? प्रथिनं. आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला 1.5 ग्रॅम. 168 सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं आदर्श वजन 64 किलोंच्या आसपास येतं, म्हणजे वडिलांना दिवसाला सुमारे 95 ग्रॅम प्रथिनं आणि 1600 ते 1900 कॅलरी. अंदाजासाठी, एका अंड्यात 6 ग्रॅम आणि 250 मिलिलिटर दुधात 8 ग्रॅम प्रथिनं असतात. 95 ग्रॅम साध्या जेवणातून सहज होत नाहीत, हिशेब ठेवावा लागतो. ती एकाच जेवणात न भरता तीन-चार वेळांत विभागा, प्रथिनांची पावडर वापरायला हरकत नाही. या हिशेबात उपासमार नाही आणि वजनही वाढत नाही. गाठीमुळे मूत्रवाहिनी दाबून किडनी फुगली असेल किंवा क्रिएटिनिन वाढलं असेल, तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

प्रथिनं खाऊन पडून राहिलं तर स्नायू होत नाहीत. रोज अर्धा तास चालणं, खुर्चीतून उठबस दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा. हातांसाठी हलकी वजनं किंवा ताणाचा रबरी पट्टा. श्वासाच्या व्यायामाचा स्पायरोमीटर आजपासून हातात द्या, ऑपरेशननंतर दुखत असताना तो शिकता येत नाही. केमोच्या वाईट दिवसांत प्रमाण कमी करा, पण शून्य करू नका. सिगारेट चालू असेल तर ती बंद करणं हे वजनापेक्षा कितीतरी जास्त महत्त्वाचं आहे. मूत्राशयाच्या कॅन्सरच्या जवळपास निम्म्या रुग्णांत तंबाखूचं धूम्रपान हेच कारण असतं आणि ऑपरेशनच्या वेळी ते जखम आणि फुप्फुसं दोन्ही बिघडवतं. साखर आटोक्यात आणा. 94 किलोंच्या मधुमेही रुग्णात जखमेचं भवितव्य वजनाइतकंच साखरेवर अवलंबून असतं.

स्थूल माणसं कॅन्सरमधून कमी वाचतात का, याबद्दल उलटसुलट वाचायला मिळेल. 2013 मध्ये वेगवेगळ्या केंद्रांतल्या 4118 रुग्णांच्या अभ्यासात बीएमआय 30 च्या वर असलेल्यांत कॅन्सर परतण्याचं आणि त्याने मृत्यू होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. इतर काही अभ्यासांत थोडं जास्त वजन असलेले रुग्ण बारीक रुग्णांपेक्षा जास्त जगले. मला हा विरोध फारसा खरा वाटत नाही. बारीक गटात आजाराने खंगलेले आणि धूम्रपान करणारे मिसळलेले असतात, त्यामुळे जाड गट तुलनेने बरा दिसतो. स्नायू मोजले की हे कोडं बरंचसं सुटतं. वडिलांसाठी यातून काही निर्णय बदलत नाही.

ऑपरेशननंतर पहिल्या काही आठवड्यांत आणखी चार-सहा किलो जाऊ शकतात. भूक नसते, अन्नाचा वास नको होतो. दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच काट्यावर वजन करून लिहा. सहाव्या आठवड्यानंतरही वजन उतरतच राहिलं, तर भूक नाही म्हणून सोडून देऊ नका. आतड्याच्या पिशवीतून लघवीतलं आम्ल रक्तात शोषलं जातं, त्याने थकवा येतो, भूक जाते आणि स्नायू झिजतात. रक्तातलं बायकार्बोनेट बघितलं की कळतं आणि सोडा बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी माणूस काही दिवसांत ताजातवाना होतो. चरबी उतरवण्याचं काम हाती घ्यायचं ते जखम भरल्यावर, वजन स्थिर झाल्यावर, साधारण सहा महिन्यांनी. तेव्हा ते सावकाश, व्यायामासह करावं. स्टोमाशेजारचा हर्निया टाळायला त्याचा उपयोग होतो.

अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, एचबीए1सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) आणि सीटीचा लेखी अहवाल, त्यात किडनी फुगल्याचा उल्लेख आहे का तेही, आणि खुर्चीच्या चाचणीला लागलेले सेकंद एवढं इथे लिहून कळवा. सिसप्लॅटिन झेपेल का आणि पहिल्या डोसआधी आहारतज्ज्ञांना भेटायला हवं का, हे त्यावरून जास्त नेमकं सांगता येईल.